दार वाजवायला काय झालं होतं?

सरांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची छत्री, डबा आणि तपासायचे पेपर बसत. ते स्वतः चहाचा कप हातात घेऊन खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत. चहा सांडायचा. ज्याच्या पेपरांवर सांडायचा तो ओरडायचा, आणि सर म्हणायचे, "सॉरी, पण मुद्दा ऐका." मुद्दा एकच असायचा. कुठल्या तरी जुन्या इंग्रजी कथेत कोणाचं तरी नशीब शेवटच्या पानावर कसं उलटलं.

भिलाईच्या एका सेक्टरमधल्या शाळेत आम्ही दोघं शिकवायचो. ते इंग्रजी, मी रसायनशास्त्र. सगळ्या स्टाफमध्ये मराठी आम्ही दोघंच, तेव्हा हिंदीचा कंटाळा आला की ते माझ्याकडे येत. ते मूळचे नागपूरचे, आमचं घर भंडाऱ्याकडचं. माझे आजोबा इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले आणि आम्ही इकडचेच झालो. माझं मराठी घरापुरतं आणि सरांपुरतं. सर म्हणायचे, "मॅडम, तुमी मराठी बोलता तेव्हा असं वाटते का हिंदी पिक्चर पाहून राहिलो." मला राग यायचा. मला तसाही लवकर येतो.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टेपलर असायचा. वर्ष सुरू झालं की पहिल्याच तासाला ते वर्गभर फिरून प्रत्येकाच्या पुस्तकातल्या प्रत्येक कथेचं शेवटचं पान मागच्या पानाला पिना मारून बंद करून टाकत. मग कथा शिकवायची, शेवट सोडून. मुलांनी आपापला शेवट सांगायचा, का ते सांगायचं, भांडायचं, आणि मग सर परवानगी देतील तेव्हा पिना काढायच्या. पालकांच्या तक्रारी यायच्या की नवीन पुस्तक फाटलं. मुख्याध्यापिका बोलावून घ्यायच्या. सर त्यांच्याही केबिनमध्ये उभेच राहायचे.

मी एकदा म्हटलं, "सर, सगळ्या पोट्ट्यांकडे मोबाईल आहे. शेवट एका मिनिटात सापडतो."

"सापडते ना," सर म्हणाले. "शेवट सापडते. कावून झाला, कशापायी झाला, ते नाही सापडत."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे खुणा. कथेत बाई खिडकीत उभी असेल तर ती नुसती उभी नसते. पाऊस पडत असेल तर तो नुसता पडत नसतो. चांगला लेखक कधी सांगत नाही, सुचवतो, आणि चांगला वाचक कधी विचारत नाही, ओळखतो. हे वाक्य ते फळ्यावर लिहीत, खाली दोन रेघा मारत, आणि दुसरी रेघ पुरी व्हायच्या आत दाराबाहेर पडून व्हरांड्यातून शिकवायला लागत. शेवटच्या बाकावरच्या मुलांना ते खिडकीतून दिसायचे, पहिल्या बाकावरच्यांना नुसते ऐकू यायचे. मी शेजारच्या वर्गात आवर्त सारणी शिकवत असताना त्यांचं इंग्रजी माझ्या दारावरून जायचं आणि परत यायचं. डोकं उठायचं माझं.

तरी मी त्यांच्या घरी जायची. खरं सांगायचं तर काकूंसाठी जायची.

काकू म्हणजे सरांची बायको. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पन्नाशी उलटल्यावर स्कूटी शिकलेली. त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतं, त्याच्या शेंगा त्या अख्ख्या ओळीला वाटत. पलीकडच्या तेलुगू बाईंशी त्यांची भिंतीवरून वाट्यांची देवघेव चालायची. सकाळी लाल भाजी घेऊन येणाऱ्या छत्तीसगढी बाईशी अर्धा तास गप्पा व्हायच्या, दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींना सगळं समजायचं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण सर रोज संध्याकाळी, काकू भाजी निवडत असताना, स्वयंपाकघरात फेऱ्या मारत त्यांना कथा सांगत. मराठीत, अर्थात शेवटचं पान सोडून.

एकदा मी तिथंच होते. कथा एका खलाशाची होती. गरीब नवरा-बायको, समुद्रकाठी घर. तो जहाजावर जाताना बायकोला बजावतो, तेल जपून वापर, दिवा लावत जाऊ नको. जहाज फुटतं, तो कुठल्या तरी परक्या मुलखात अडकतो. वर्षं जातात. शेवटी एका रात्री तो परत येतो, टेकडीवरून खाली पाहतो तर त्याच्या घराच्या खिडकीत दिवा.

"आता सांग," सर थांबून म्हणाले. थांबले म्हणजे फेऱ्या थांबल्या, एक पाय हलतच होता. "काय होईन?"

"काय होईन म्हणजे? घरी येईन," काकू म्हणाल्या.

सरांचा चेहरा खुलला. याच क्षणाची ते वाट पाहत असत. "नाही येत! त्याले वाटते, आपली बायको तेल जाळत नाही. म्हणजे घर दुसऱ्याचं झालं, ती मेली असन नाही तर निघून गेली असन. तो टेकडीवरूनच परत जाते. अन् तिनं दिवा लावला होता तो त्याच्याचसाठी, रोज. समजलं? जो दिवा त्याले घरी आणाले लावला, त्याच दिव्यानं त्याले परत पाठवला. हा दिवा नुसता दिवा नाही."

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "दिवाच हाय तो. अंधार होता म्हून लावला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मले एक सांग पोरी, एवढा समुद्र ओलांडून आला, दार वाजवाले काय झालं होतं त्याले?"

मला हसू आवरेना. सर चिडले. "दार वाजवलं असतं तं गोष्टच झाली नसती!"

"तेच म्हणून राहिली मी," काकू म्हणाल्या. "तुमच्या साऱ्या गोष्टी अशाच. कोणी कोणाले इचारत नाही, अन् मंग शेवटी दोघंबी रडतात."

सरांनी हा मुद्दा दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला परत सांगितला, खूप हसत, माझ्या लॅबच्या वहीवर चहा सांडत. म्हणाले, "वाचकच नाही ती. भोळी आहे."

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हापासून त्यांनी सामान बांधायला घेतलं. नोकरी संपली की शाळेचं क्वार्टर सोडावं लागणार, हे सगळ्यांनाच माहीत असतं. कोणी इथंच जवळ हुडकोत घर घेतं, कोणी रिसालीत, कोणी गावी जातं. सरांचं ठरलं होतं, नागपूर. पुतण्याच्या घराचा वरचा मजला. खोकी आणायचे, टेप मारायचे, मग आठ दिवसांनी एखादं पुस्तक हवं म्हणून तेच खोकं कापायचे. घरात चालायला जागा उरली नाही. तेही त्या खोक्यांमधून वाट काढत फेऱ्या मारायचेच.

"तुम्हाला एवढी कसली घाई आहे नागपूरची?" मी एकदा विचारलं. आम्ही शाळेच्या फाटकातून बाहेर पडत होतो.

ते आवाज उतरवून म्हणाले, "माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी. ती झुरून राहिली आहे."

"कोण? काकू?"

"तुमी पाहिलं नाही म्हणून. मी रोज दुपारी घरी येतो ना, तेव्हा ती फाटकाशी उभी असते. रोज. मी पुस्तकातून डोकं वर काढतो तर तिची नजर माझ्या पलीकडे, रस्त्यावर. पश्चिमेले." ते थांबले. सर चालता चालता थांबले हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "नागपूर पश्चिमेलेच आहे ना, मॅडम. इतकी वर्षं माझ्या नोकरीपायी इकडे राहिली, एका शब्दानं बोलली नाही. पण मले दिसते."

मला वाटलं, हा माणूस इतका फिरतो, बोलतो, सांडतो, आणि तरी यानं बायकोची नजर कुठं जाते ते पाहून ठेवलंय. मला त्या दिवशी सर फार आवडले, हे सांगून टाकते.

पुढच्याच आठवड्यात माझा तिसऱ्या तासानंतर मोकळा दिवस होता, म्हणून मी दुपारी काकूंकडे गेले. बोलता बोलता काकूंनी घड्याळ पाहिलं, गॅस बंद केला आणि फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मीही गेले. समोर रस्ता, रस्त्याच्या पलीकडून शाळेची वाट. आणि त्या वाटेवरून सर येत होते, दोन्ही हातांत उघडं पुस्तक, नाक पानात.

"आले," काकू पुटपुटल्या. त्यांनी फाटकाची सळई घट्ट धरली होती. "पाह्य आता. वर पाह्यतील का? नाही पाह्यत. तो छोटा हाथी येऊन राहिला तिकडून... बाप्पा! थांबा ना जरा... थांबा..."

भाजीनं भरलेला टेम्पो हॉर्न वाजवत सरांच्या पुढ्यातून गेला. सरांनी पान उलटलं आणि रस्ता ओलांडला. काकूंनी श्वास सोडला, आणि तो टेम्पो ज्या दिशेनं आला होता तिकडे, पश्चिमेला, एकदा रागानं पाहिलं. नेमकं तेव्हाच सरांनी डोकं वर केलं.

मला सगळं समजलं. हसूही आलं. सर हातपाय धुवायला गेल्यावर मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. "काकू, तुम्ही रोज यासाठी उभ्या राहता?"

"नाही तं काय? एखाद्या दिवशी जातीन चाकाखाली. मी उभी रायली का मले धीर वाटते. ओरडलं तं दचकतात, अन् मधातच उभे रायतात. एकदा केलं तसं."

"आणि नागपूर?"

"नागपूर काय?"

मी सांगितलं. पश्चिम, झुरणं, सगळं. काकू आधी हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसू थांबलं आणि त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"तिथं मले कोण ओळखते आता? माय गेली, बाप गेला, भाऊ पुण्याले. इथं मी भाजीवालीच्या पोरीच्या लग्नात नाचली. इथं मले स्कूटी चालवता येते, रस्ते ठाऊक हायेत. मले नाही जायचं कुठं."

"मग सांगा ना त्यांना!"

"मी कावून सांगू? इचारलं का त्यांनी? एका शब्दानं?" त्यांचा आवाज चढला. "साऱ्या जगाच्या बायांच्या मनातलं वळखतात, इंग्लंडच्याबी. मले इचाराले तोंड नाही. इचारतील तेव्हा सांगीन. अन् तू सांगशीन ना, तं या घरचा चहा बंद तुले."

त्या गंमत करत नव्हत्या. मला वचन द्यावं लागलं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली म्हणायला हरकत नाही. माझ्या विषयात असं नसतं. दोन द्रावणं एकत्र ओता, रंग बदलतो किंवा नाही बदलत, विषय संपला. इथं दोन्ही द्रावणं एकाच घरात, एकाच ओट्याशी, आणि कोणी ओतायला तयार नाही. आणि खोकी वाढत चाललेली.

जाता जाता काकूंनी मला फाटकाशी विचारलं, "तुमच्या खालच्या खोल्यांमंधी कोणी आलं का रायाले?" रिसालीतल्या आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्या तेव्हा रिकाम्या होत्या. मी म्हटलं, नाही अजून. माझं लक्षही नव्हतं. नंतर एक-दोन चांगली माणसं खोल्या पाहायला आली, तर आईनं त्यांना परत पाठवलं. म्हणाली, लागल्या त्या खोल्या. कोणाला, तर म्हणे येतील तेव्हा पाहशील. मी आईवर चिडले, वादही घातला, आणि विसरून गेले.

वचन न मोडता काय करता येईल याचा विचार करून मी शेवटी एक युक्ती केली. सर ज्या भाषेत ऐकतात त्या भाषेत सांगायचं. स्टाफरूममध्ये त्यांना म्हटलं, "सर, एक जुनी इंग्रजी कथा वाचली. लेखकाचं नाव आठवत नाही. शेवटचं पान फाटलेलं होतं." ते लगेच कपाटाकडून माझ्याकडे आले. मी सांगितलं, इंग्लंडमधलं लहानसं स्टेशन. स्टेशनमास्तर. त्याची बायको रोज त्याच वेळेला दारात उभी. त्याला वाटतं ती रुळांकडे पाहते, तिला दूर माहेरी जायचंय. खरं तर ती पाहत असते की हा विसरभोळा माणूस रूळ नीट ओलांडतो की नाही. तो बदली मागून घेतो. तिच्यासाठी.

सर डोळे मिटून ऐकत होते. कप वाकडा झाला होता, चहा त्यांच्याच बुटावर पडत होता.

"वा," ते म्हणाले. "पाहणं आहे, पण दिसणं नाही. उत्तम विषय. पोरांना द्यायला पाहिजे."

"आणि शेवट?" मी विचारलं.

"शेवट हाच की तो विचारत नाही, दोघं जातात, आणि नवीन गावी घर स्टेशनातच असते, रूळ ओलांडावेच लागत नाही. ती दारात उभी राहत नाही. त्याले वाटते, सुखी झाली." ते पुन्हा चालायला लागले. खिडकीशी जाऊन वळले. "फक्त एक कच्चं आहे, मॅडम. एवढा शिकलेला नवरा, एवढी वर्षं संसार, एकदा तरी विचारेल ना बायकोले. त्याचं मूर्खपण पटत नाही."

मी हातातला पेपर टेबलावर आपटला आणि प्रयोगशाळेत निघून गेले. त्या दिवशी मी अकरावीच्या पोरांना विनाकारण झापलं.

सर निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. भाषणांच्या वेळी त्यांना स्टेजवर बसवलं होतं, पण ते पडद्यामागे जाऊन उभे राहिले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी ट्रक आला. दुर्गचा ट्रक होता, ड्रायव्हर घाईत. मी सुट्टी टाकून मदतीला गेले होते. खरं म्हणजे मदतीला नाही, काहीतरी होईल या आशेनं. तेलुगू बाई येऊन रडून गेल्या. भाजीवाली फाटकाबाहेर टोपली घेऊन बसली होती, उठायला तयार नव्हती. काकू आत रिकाम्या खोल्या झाडत होत्या. एक खोली दोनदा झाडताना मी त्यांना पाहिलं.

सर ट्रकच्या हौद्यात उभे राहून खोकी लावत होते. उतरायचे, चढायचे, परत उतरायचे. दुपार झाली. अचानक त्यांचा हात थांबला. ते फाटकाकडे पाहत होते.

"आज ती उभी नाही," ते म्हणाले.

"कोण?"

"ती. हीच तर वेळ आहे तिची. आज तं नागपूरलेच चाललो आपण, आज तरी..." त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "आजच कशी नाही?"

मी वचन दिलं होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, "सर, आज तुम्ही घरी आहात ना."

त्यांना काही समजलं नाही असं मला आधी वाटलं. ते आठवत होते. सुट्टीचा दिवस असो, रविवार असो, हा माणूस दुपारी कधी घरात टिकला नव्हता. कधी लायब्ररी, कधी सिव्हिक सेंटर, कधी नुसताच रस्ता. आणि येताना हातात पुस्तक. तो घरी नसताना ती फाटकाशी. तो घरी आहे, तर फाटक रिकामं. त्यांच्या चेहऱ्यावर मुलांसारखं काहीतरी आलं, पिन निघून पान उघडल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर येतं तसं.

"ती स्टेशनमास्तराची गोष्ट," ते हळूच म्हणाले. "तुमी वाचली नव्हती."

मी मान खाली घातली.

ते हौद्यातून उतरले. ड्रायव्हर म्हणाला, "चलना हे के नइ, गुरुजी? राजनांदगांव के बाद जाम मिलथे." सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते अंगण ओलांडून गेले. दार सताड उघडं होतं, सामान निघालेलं, पडदेही काढलेले. आत काकू झाडू मारताना समोर दिसत होत्या. सर उंबऱ्याशी थांबले, आणि त्या उघड्या दारावर त्यांनी बोटांनी टकटक केलं.

काकू वळल्या. "काय?"

"एक इचारायचं होतं."

झाडू थांबला.

"तुले नागपूरले जायचं हाय का?"

"नाही," काकू म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की फाटकाबाहेरच्या भाजीवालीनंही मान वर केली.

सर दाराची चौकट धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मंग आता कुठं रायचं? क्वार्टर तं सोडलं."

"रिसालीले. हिच्या घरच्या खालच्या खोल्यांमंधी." काकूंनी झाडूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या मायले मी कवाच सांगून ठेवलं हाय, कोणाले देऊ नका म्हून."

मला आईवर काढलेला राग आठवला आणि मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

"अन् मी इचारलंच नसतं तं?" सरांचा आवाज फुटत होता.

"तं आली असती तुमच्यासंग नागपूरले," काकू म्हणाल्या. "अन् त्या खोल्या रिकाम्या रायल्या असत्या."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी जाऊन त्याला सांगितलं, नागपूर नाही, रिसाली. तो दोरीकडे, खोक्यांच्या ढिगाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिला. म्हणाला, अतका रस्सी रिसाली बर बांधे हन? म्हणजे एवढी दोरी काय दोन पावलांवरच्या रिसालीसाठी बांधली?

मी परत दाराशी आले तेव्हा उंबऱ्याजवळ पुस्तकांचं एक खोकं राहिलं होतं. काकूंनी ते पायानं सरांकडे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "कुठं जायचं नाही आता."

सर बसले.